फेलो गेले, चार्ज कुणाकडे?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. मार्च एंड म्हणजे जिल्हा परिषदेत लगीनघाई. बिलं, उपयोगिता प्रमाणपत्रं, कोषागाराच्या फेऱ्या, आणि रात्री नऊ वाजता कुणीतरी मागवलेला वडापाव. त्या गडबडीत घरकुलाची एक यादी टेबलावर आली. आदल्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, पुण्यात मोठा कार्यक्रम होऊन राज्यातल्या २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली होती आणि १० लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता सोडला होता. आमच्याकडचे बरेच हप्ते खात्यापर्यंत गेले आणि आल्या पावली परतले. कारणाच्या रकान्यात बँकेचं एक इंग्रजी वाक्य होतं. ते वाक्य माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"यावर आपल्याकडे एक शीट आहे," मी म्हणालो. व्हॉट्सअ‍ॅपवर वर वर जात, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि रजेचे अर्ज ओलांडत, दीड वर्षापूर्वीची लिंक शोधली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली. पडद्यावर एक कुलूप आलं आणि त्याखाली ओळ: तुम्हाला परवानगीची आवश्यकता आहे.

ज्या मुलीनं ती शीट केली होती ती आमच्याकडून केव्हाच गेली होती. मुख्यमंत्री फेलो होती ती.

या फेलोशिपबद्दल हल्ली बोललं जातं ते दोनच सुरांत. एक सूर कौतुकाचा: तरुण रक्त, नवी दृष्टी, कारभारात बदल. दुसरा कुत्सित: एवढ्या पैशात दोन कारकून भरले असते. मी तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, कनिष्ठ सहायक म्हणून लागलो आणि सहायक प्रशासन अधिकारी म्हणून सुटलो. सुरुवातीला मी दुसऱ्या सुरात गाणाऱ्यांपैकी होतो. आता पहिल्या सुरात गातो असंही नाही. मला त्या कुलपाबद्दल बोलायचं आहे.

आधी योजना काय आहे ते सांगतो. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली. २०२० पर्यंत चालली, मग बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती राबवतं. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा कामाचा अनुभव, मराठी यायला हवं. साठ जणांची निवड. ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. वर्षभर कुठल्या तरी जिल्हाधिकारी, सीईओ (जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी), आयुक्त किंवा मंत्रालयातल्या विभागाबरोबर काम, आणि जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. २०२३ च्या तुकडीला महिना ७०,००० आणि प्रवासाचे ५,००० मिळत होते. २०२५ ला ते ५६,१०० आणि ५,४०० झाले. आस्थापना शाखेत बसलेल्या माणसाला ५६,१०० हा आकडा कुठून आला ते सांगावं लागत नाही: उपजिल्हाधिकाऱ्याच्या वेतनश्रेणीची ती पहिली पायरी आहे. म्हणजे चोवीस वर्षांच्या पोराला, एका वर्षासाठी, उपजिल्हाधिकाऱ्याच्या मूळ पगाराइतकी छात्रवृत्ती.

आमच्याकडे आलेली मुलगी २०२३ च्या तुकडीतली, म्हणजे तिला त्याहूनही जास्त. ऑफिसात यावर कुजबुज झाली नसती तरच नवल. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन सोळा हजार, आणि तेही २०२३ मध्ये वाढल्यावर, त्याआधी सहा. डाटा ऑपरेटर कंत्राटी, त्याचा पगार कंपनीच्या मर्जीवर. आणि ही मुलगी आली ती लॅपटॉपची बॅग पाठीला लावून, पहिल्याच दिवशी सीईओ साहेबांच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायली. शिपायाला तिला काय म्हणावं कळेना. अधिकारी म्हणावं तर खुर्ची नाही, कर्मचारी म्हणावं तर मस्टरवर सही नाही. शेवटी तो 'फेलो मॅडम' म्हणायला लागला आणि तेच रूढ झालं. खुर्ची मिळाली ती आमच्या शाखेत, लोखंडी कपाटाच्या शेजारी. कपाट उघडायचं झालं की तिला उठावं लागे.

पहिले पंधरा दिवस ती नुसत्या फायली वाचत होती. एक दिवस म्हणाली, "काका, हे 'पूर्तता करून फेरसादर' म्हणजे नक्की काय करायचं असतं?" मी सांगितलं, शेरा मारला की फाईल परत खाली जाते, खालचा माणूस राहिलेला कागद लावतो आणि पुन्हा वर पाठवतो. "पण कुठला कागद राहिलाय ते यात कुठेच लिहिलेलं नाही." मी फाईल हातात घेतली. खरंच नव्हतं लिहिलेलं. तो शेरा माझाच होता.

घरकुलाचं प्रकरण असंच तिच्या हाती लागलं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या लाभार्थ्याला १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात. पहिला हप्ता १५,००० चा, मग जोतं, मग पुढचं बांधकाम, प्रत्येक टप्प्याला फोटो. आमच्या मासिक सभेत दर वेळी एकच चर्चा व्हायची: अमुक पंचायत समितीची घरं रखडली, ग्रामसेवकांना नोटिसा काढा. नोटिसा निघायच्या, खुलासे यायचे, खुलासे फायलीला लागायचे. तिनं रखडलेल्या घरांची यादी घेतली आणि एकेका घराला 'का' विचारलं. आम्ही 'किती' विचारत होतो.

निम्म्याहून जास्त ठिकाणी घराचा, वाळूचा, ग्रामसेवकाचा काही संबंधच निघाला नाही. बाईच्या नावावर घर, तिच्या नावावर खातं, खातं कधीकाळी शिबिरात उघडलेलं, आणि दोन वर्षं त्यात कुठलाच व्यवहार नाही. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक ते खातं निष्क्रिय धरते. कुणाचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. कुणाचं पासबुकावर माहेरचं नाव. पैसे निघायचे, खात्याला धडकायचे आणि परत यायचे. बाईला वाटायचं पंचायत देत नाही, पंचायतीला वाटायचं पैसे गेले, बँकेला तर यातलं काही माहीतच नव्हतं.

हे शोधायला आयआयटी लागते का? मुळीच नाही. आमच्यातल्या कुणालाही हे कळलं असतं. पण कळायला त्या बाईच्या ओट्यावर बसून पासबुक उघडावं लागतं, आणि आमच्या शाखेत मंजूर असलेल्या पदांपैकी तीन रिकामी होती. राज्यात सगळीकडेच हे आहे: सात लाखांवर मंजूर पदं, त्यातली साधारण एक तृतीयांश रिकामी, असं गेली काही वर्षं वारंवार समोर आलं आहे. एका टेबलावर दोन टेबलांचं काम असलं की माणूस टपाल निकाली काढतो, प्रश्न निकाली काढत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, वीस वर्षांनी माणसाला 'का' विचारायची सवयच राहत नाही. 'वरून तसंच आहे' हे उत्तर आधीच तयार असतं.

तिनं एक शीट केली. गाव, लाभार्थी, बँक, शाखा, अडचण कुठली, कुणी काय करायचं, कधीपर्यंत. मग अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या, व्यवस्थापकांना गाठलं, चार गावांत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शिबिरं लावली. बायका आधार कार्ड आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आल्या. बँकेच्या माणसानं तिथंच अंगठे घेतले. पाच-सहा आठवड्यांत त्या तालुक्यातले अडकलेले हप्ते सुटायला लागले. मासिक सभेत तिच्यासाठी टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून.

वर्ष संपलं. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला. आणि ती शीट तिच्या खाजगी जीमेलवर राहिली.

सरकारी नोकराची बदली झाली की त्याला चार्ज द्यावा लागतो. चार्ज यादी असते: इतक्या चालू फायली, इतकी प्रलंबित प्रकरणं, इतकी रजिस्टरं, कपाटाच्या किल्ल्या दोन, स्टेपलर एक. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. यावर विनोद खूप होतात, पण या यादीमागे शहाणपण आहे. त्याहून मोठं शहाणपण सहा गठ्ठे पद्धतीत आहे. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: कारकुनाच्या कपाटात कागद कसेही ठेवायचे नसतात. प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा वेगळा, ठरावीक मुदतीच्या विवरणपत्रांचा वेगळा, स्थायी आदेशांचा वेगळा, अभिलेख कक्षात पाठवायच्यांचा वेगळा आणि नष्ट करायच्यांचा वेगळा. कुठला कागद कायम जपायचा, कुठला काही वर्षांनी काढून टाकायचा, त्याचेही वर्ग ठरलेले. उद्या मी बसखाली आलो तरी माझ्या जागी येणाऱ्याला कपाट उघडताच कळायला हवं की काय अर्धवट आहे. प्रत्यक्षात कपाटं कशी असतात ते विचारू नका. पण पद्धत तरी आहे.

फेलोला यातलं काहीच लागू नाही. त्याचा अहवाल आयआयटीत गुणांसाठी जातो, सादरीकरण मुख्यमंत्र्यांसमोर होतं, छायाचित्र प्रसिद्धीला जातं. ज्या टेबलावर काम झालं त्या टेबलाकडे मात्र काही येत नाही. चार्ज द्यायला कुणी सांगितलेलं नसतं, आणि घ्यायलाही कुणी नसतं. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. फेलोशिप उत्तम की वाईट हा वाद फेलोच्या हुशारीवर घालून उपयोग नाही. हुशारी खूप आहे. तो गेल्यावर काम कुणाच्या नावावर उरतं ते पाहावं.

मला कुणी विचारलं तर पहिली दुरुस्ती एका परिपत्रकाची आहे, तिला कायदाबियदा लागत नाही. फेलोला रुजू होतानाच कार्यालयाचा ईमेल द्या आणि सगळं काम त्यावरच ठेवायला लावा. पहिल्या महिन्यातच एका कायम कर्मचाऱ्याचं नाव त्याच्या कामाशी जोडा. साहेब नको, टेबलवरचा माणूस हवा, आणि तेवढं काम त्याच्या कामाच्या नोंदवहीत, वर्कशीटला, धरलं जावं. शेवटचा महिना नव्या कल्पनेचा नसेल, फक्त चार्जचा असेल. आणि चार्ज यादीवर दोन सह्या झाल्याशिवाय शेवटची छात्रवृत्ती सोडू नका. आम्हाला निवृत्त होताना ना-देय प्रमाणपत्राशिवाय पेन्शनचा कागद हलत नाही. फेलोनाही थोडा जाच होऊ दे की.

दुसरी गोष्ट जागेची. फेलो साहेबांच्या शेजारी बसतो हे त्याचं बळ आहे असं समजलं जातं. फोन लागतो, मीटिंग मिळते, हे खरं. पण त्या केबिनजवळ बसलेल्याचा हळूहळू स्वीय सहायक होतो. मोठा कार्यक्रम ठरला की बसगाड्यांच्या याद्या, पाहुण्यांच्या खुर्च्या, सादरीकरणाच्या स्लाइड. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या पोरांचं अवघडलेपणही पाहिलं आहे. धोरण शिकायला आलो आणि बिल्ले मोजतोय. तेव्हा सहा महिने तरी फेलोला पंचायत समितीत बसवा. तालुका ही अशी जागा आहे की तिथं योजना कागदावरून उतरून माणसाच्या अंगावर येते. गटविकास अधिकाऱ्याच्या दारात सकाळी अकरा वाजता जी गर्दी असते ती वर्गात शिकवता येत नाही. आमच्या फेलो मॅडमचं काम जमलं याचं कारण ती चार महिने तालुक्याला एसटीनं जात होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या स्वभावातच होतं. योजना स्वभावावर सोडून चालत नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. नावाची.

२०१९ च्या शेवटी सरकार बदललं, पुढच्या वर्षी फेलोशिप बंद झाली; सत्ता पुन्हा फिरली आणि ती परत आली. 'मुख्यमंत्री' हा शब्द पाटीवर असला की हे होणारच. नवा गडी जुन्याची रोपं उपटतो. ही खोड एकट्या महाराष्ट्राची नाही. केंद्रात प्रधानमंत्री ग्रामीण विकास फेलोशिप होती. २०१२ साली पहिली तुकडी नक्षलग्रस्त जिल्ह्यांत, त्यात आपल्या गडचिरोलीतही, जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्था शिकवायला होती. तोही कार्यक्रम पुढे चालू राहिला नाही. दिल्लीत जुलै २०२३ मध्ये उपराज्यपालांच्या मंजुरीनं सुमारे ४०० फेलो, सहयोगी, सल्लागार यांच्या सेवा एका फटक्यात थांबवण्यात आल्या. कारणं दिली गेली ती अशी: सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता नव्हती, आरक्षणाचं धोरण पाळलेलं नव्हतं. यात राजकारण किती आणि नियम किती हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा की पाया कच्चा असला की पाडणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही, ते आयतंच मिळतं.

आणि पाया पक्का दिसत असला तरी तो कशाचा आहे ते पाहावं लागतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये पदव्युत्तर पदवीधारकांना केंद्र सरकारच्या नोकरीत आणणारा असाच एक कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याचं नाव प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलो झालं. दोन वर्षं काम करायचं, आणि काम चांगलं असेल तर तिथंच कायम व्हायची वाट खुली. दोन्ही पक्षांची सरकारं आली आणि गेली, कार्यक्रम जवळजवळ ४८ वर्षं टिकला. इतका टिकला कारण त्याच्या शेवटी एक दार होतं: माणूस आत यायचा, त्याच्याबरोबर त्याचं कामही आत यायचं. पण त्याचा जन्म राष्ट्राध्यक्षाच्या आदेशातून झाला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या एका आदेशानं तो संपला. आदेशानं आलेलं आदेशानं गेलं.

आपल्याकडे निदान पाटी तरी बदलावी. राज्याची फेलोशिप म्हणा, काहीही म्हणा. शासन निर्णयाऐवजी नियम करून विधिमंडळासमोर ठेवा, निवडीचं काम ज्याला सत्ताबदलाचा वारा लागत नाही अशा मंडळाकडे द्या. मग कुठल्याही पक्षाचा मुख्यमंत्री आला तरी ती बंद करताना त्याला सभागृहात उभं राहून कारण सांगावं लागेल.

आता दाराबद्दल. आपल्या फेलोशिपला शेवटी दार नाही, खिडकी आहे; वर्षभर आत डोकावायचं आणि जायचं. मग ही मुलं कुठे जातात? सल्लागार कंपन्यांत, सामाजिक संस्थांत, परदेशी विद्यापीठांत, काही जण लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना. यात गैर काही नाही. सरकार आतून पाहिलेला माणूस बाहेरही उपयोगीच पडतो. फक्त एक विचित्र फेरा मला दिसतो. सरकारी पैशावर वर्षभर सरकार शिकलेला मुलगा सल्लागार कंपनीत जातो, ती कंपनी त्याच खात्याचं काम घेते, आणि तोच मुलगा पुढच्या वेळी आमच्याकडून माहिती मागायला येतो, चौपट दरानं.

"मग घ्या ना त्यांना सरळ नोकरीत," असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं ४५ वरिष्ठ पदांवर थेट बाहेरून भरतीची जाहिरात काढली. त्यात आरक्षण कुठे असा प्रश्न उठला आणि तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रात तर हा प्रश्न आणखी धारदार आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्यानं टेबल घेऊन बसलेल्या पोरांना विचारा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज होते, खुल्या प्रवर्गाला फी हजार रुपये. राज्यसेवेला खुल्या वर्गातला उमेदवार ३८ व्या वर्षापर्यंत बसू शकतो. कारण आपल्याला ठाऊक आहे की शेतात राबून, धाकट्या बहिणीचं लग्न लावून, मग पुस्तक हातात घेणारे असतात. फेलोशिपचं दार २६ लाच बंद होतं, तेही ६० टक्के आणि एक वर्षाच्या अनुभवानंतर. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेला, एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेला, घरून पैशाची हाक नसलेला मुलगा या चौकटीत बरोबर बसतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचा मुलगा बसतो का? बसतो कधीकधी, पण चौकट त्याच्यासाठी कापलेली नाही. अशा चाळणीतून आलेल्या साठ जणांना मागच्या दारानं कायम केलं तर अभ्यासिकेतल्या पोरांनी रस्त्यावर यावं आणि मी त्यांच्याबरोबर बसेन.

तेव्हा दार हवं, पण समोरचं. जिल्हा नियोजनात, पंचायत समितीत, माहिती हाताळणारी आणि योजनेचा 'का' शोधणारी पदं आज नाहीत. सांख्यिकी सहायक आहे, तो आकडे गोळा करतो. अशी थोडी पदं आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, मंजूर करून घ्या, आयोगामार्फत जाहिरात द्या, आरक्षण पूर्ण लागू, वयाची सवलत नेहमीची. त्यात फेलो म्हणून केलेलं काम हे इतर क्षेत्रातल्या कामासारखंच अनुभव म्हणून धरा, एक गुण जास्त नको आणि एक कमीही नको. आणि फेलोशिपचं वय तिशीच्या पुढे न्या, टक्केवारीची अट काढा. परीक्षा, निबंध, मुलाखत असताना पदवीचे साठ टक्के आणखी काय सिद्ध करतात ते मला कळलेलं नाही. पदवीला पन्नास टक्के मिळवलेला आमचा एक ग्रामसेवक पीक पाहणीचा घोळ अख्ख्या तालुक्यात सर्वांत आधी ओळखायचा.

"पण हे सगळं रिकाम्या जागांवरचं ठिगळच ना?" माझे जुने सहकारी विचारतात. मी त्यांना निम्मं मानतो. साठ फेलो म्हणजे ३६ जिल्ह्यांत दोन-दोन सुद्धा होत नाहीत. त्यांच्यानं दोन लाख रिकाम्या खुर्च्या भरणार नाहीत आणि भरायलाही नकोत. खरं ठिगळ दुसरीकडे आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर आठ, पदवीधराला दहा, आधी सहा महिने, मग आणखी पाच. ही मुलं आमच्या टेबलांवर बसली, टपाल चढवलं, ऑनलाइन नोंदी केल्या, काही जण फार मन लावून. मुदत संपली तेव्हा कायम करा म्हणून आंदोलनं झाली. होणारच होती. ज्याला तुम्ही अकरा महिने रिकाम्या पदाचं काम करायला लावता तो त्या पदावर हक्क सांगणारच. एका बाजूला साठ जण उपजिल्हाधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीवर, दुसऱ्या बाजूला हजारो दहा हजारांवर. मध्ये कायम नोकर, दोन टेबलं सांभाळणारा. एकाच इमारतीत, एकाच चहाच्या टपरीवर. फेलोशिपचा खरा तोटा हा आहे की ती इतकी नेटकी दिसते, की मधल्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष जात नाही. उरलेलं निम्मं मात्र मी सहकाऱ्यांचं मानत नाही. तिन्ही पदं भरलेली असती तरी माझा तो शेरा मी तसाच मारत राहिलो असतो. बाहेरून कुणीतरी येऊन विचारायलाच हवं होतं.

त्या मार्चमध्ये पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी तिला फोन लावला. ती आता दुसऱ्या शहरात, एका खाजगी कंपनीत. "अहो काका, सॉरी, मला वाटलं तुमच्याकडे आहेच," म्हणाली, आणि दोन मिनिटांत परवानगी आली. कार्यालयाच्या ईमेलचा पासवर्ड त्या दिवशी कंत्राटी ऑपरेटरकडे होता आणि तो रजेवर होता, म्हणून ती आली माझ्या घरच्या जीमेलवर. शीट उघडली. शाखांची यादी, व्यवस्थापकांचे नंबर, कुठल्या अडचणीला कुठला अर्ज, सगळं जागच्या जागी. तेच करून आम्ही एप्रिल-मेमध्ये दोन तालुक्यांत शिबिरं लावली.

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखी माझीही शाळेतली जन्मतारीख १ जून. त्यामुळे ३१ मेला मी निवृत्त झालो. चार्ज दिला: चालू फायली, प्रलंबित प्रकरणं, रजिस्टरं, किल्ल्या दोन. यादीवर सही घेतली ती शेजारच्या शाखेच्या वरिष्ठ सहायकाची, कारण माझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. ती लिंक मी त्यालाही पाठवली आहे. त्यानं ती अजून उघडलेली नाही. शीटमध्ये वरच्या कोपऱ्यात कुणाकुणाला परवानगी आहे ते दिसतं. काल रात्री पाहिलं, तिथं अजून दोनच नावं आहेत, तिचं आणि माझं.